गजभारे सरांचं दुसरं पान

कुलूप लावलेल्या घराचं दार वाजवणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. आमच्याच माडीवर भाड्यानं राहायचा. बाहेरून आला की चपला काढणार, खिशातून किल्ली काढणार, कुलूपही उघडणार, आणि मग कडीला हात लावायच्या आधी दारावर दोन बोटांनी टक टक. जरा थांबणार. मग आत. घरात कोणी नाही हे त्याला माहीत, मला माहीत, गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत. तरी टक टक.

गजभारे सर गेल्याची खबर लातूरहून आली, तेव्हा मला आधी ती टक टकच आठवली. चेहरा नंतर आठवला.

मी काही शाळा शिकलेली बाई नाही. पोरांची पुस्तकं घरात उघडी पडलेली असायची, त्यातून एकेक अक्षर उचलत गेले. त्यामुळे मला नीट मांडून सांगता येत नाही. जसं तोंडात येईल तसं लिहिते, तुम्ही सांभाळून घ्या.

तर त्या टक टकचं मूळ मला सरांनी नाही सांगितलं. सर काही सांगायचेच नाहीत. ते सांगितलं त्यांच्या मंडळींनी, सुमनबाईंनी. बाई शाळेत मास्तरीण होत्या, पहिलीचा वर्ग कायम त्यांच्याकडं. लग्नानंतर लोहा गावात दोघांचा संसार एका खोलीत. मोरी त्याच खोलीत, दाराला लागून, आणि आडोसा म्हणून बाईंची जुनी साडी. "दार उघडलं की आख्खी गल्ली मला न्हाताना बघायची, अक्का," बाई सांगायच्या. "मी ह्यांना म्हणलं, आधी वाजवायचं, मी हाव म्हणलं की यायचं. तवापासून वाजवून राहिले. आता मोठं घर झालं, न्हाणीला दार आलं, तरी वाजवतेत. सांगितलेलं विसरत न्हाईत, एवढंच सुख."

सर तंत्रशाळेत कॉम्प्युटर शिकवायचे. तिथून रिटायर झाले आणि दोघं नांदेडला आमच्या माडीवर राहायला आले. उंच, सडपातळ, शर्टाची वरची गुंडी लावलेली, खांद्यावर टॉवेलासारखी पांढरी दस्ती. काहीही विचारा, उत्तर एकच. "थांबा, बघतो."

भाजीवाला यायचा. "सर, मेथी ताजी हाय."

"थांबा, बघतो." आणि मान वर करून गॅलरीकडं.

गॅलरीतून बाई, "दोन जुड्या घ्या, आन् पिवळी पानं त्याच्याकडूनच निवडून घ्या."

मी एकदा बाईंना विचारलं, "बाई, तुमचे सर बोलतेत तरी का कधी?"

"बोलतेत की," बाई म्हणाल्या. "महिन्यातून एकदा. तेबी झोपेत."

सर बाजूलाच उभे होते. हसले. रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही, आणि खो खो हसलेलंही नाही. मधलंच काहीतरी चालू असायचं त्यांच्या तोंडावर.

ह्या दोघांनी मिळून एक गोष्ट केली होती. लेकरांसाठी कॉम्प्युटरवरचा एक खेळ. खेळ म्हणावं का नाही मला कळत नाही, कारण त्यात जिंकणं-हरणं नव्हतं. पडद्यावर रंगीत डबे असायचे, आगगाडीच्या डब्यांसारखे. एका डब्यावर बाण काढलेला, म्हणजे चाल. एकावर बेडूक, म्हणजे उडी मार. एकावर घंटी, म्हणजे आवाज कर. लेकरानं हे डबे ओढून एकामागं एक जोडायचे, आणि गाडी सोडली की पडद्यावरची कोंबडी तसं तसं करत जायची. चाल, चाल, उडी, घंटी. उलटे जोडले की उलटं करायची. कोंबडीला हुकूम द्यायचा, पण तोंडानं नाही, डबे जोडून. लेकरं त्याला 'सरचे डबे' म्हणायची, तेच नाव पडलं. काम सरांचं, पण डोकं बाईंचं.

बाईंनी मलाही बसवलं होतं. मी तीन बाण आणि एक बेडूक जोडला आणि कोंबडी उडी मारून कुंपणाबाहेर गेली. मला एवढा आनंद झाला, काय सांगू.

मग मी म्हणलं, "बाई, ह्याच्यावर कुठं अक्षर न्हाई?"

"न्हाई. एकबी न्हाई. मी येऊच दिलं न्हाई," बाई म्हणाल्या. "धर्माबादकडं होते तवा माझ्या वर्गात लेकरं यायची, घरी कुणाची तेलुगू, कुणाची तांड्यावरची बोली. अक्षर दिसलं की लेकरू सगळ्यात आधी काय शिकतं माहीत हाय का? आपल्याला येत न्हाई, हे शिकतं. बाकीचं मग. म्हणून मी ह्यांना म्हणलं, त्याच्यात अक्षर घालायचं न्हाई. कधीच."

"कधीच," सर मागून म्हणाले. "शब्द घेतलाय हिनं."

सरांचं एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

पुढं बाईंना पोटाचं दुखणं लागलं. त्याचं मी लिहीत नाही. ज्या सकाळी त्या गेल्या, घर पांढऱ्या साड्यांनी भरून गेलं, बुद्धवंदना झाली, भावकीतला एक जाणता माणूस पुढं येऊन हळूच म्हणाला, "सर, उचलायचं का आता?"

सर म्हणाले, "थांबा, बघतो."

आणि खरंच बघत बसले. कोणी पुन्हा विचारलं नाही. लातूरहून त्यांची लेक प्रज्ञा आली होती. शेवटी तिनंच खांद्याला हात लावला, तेव्हा उठले.

त्यानंतर माडी एकदम गप्प. आधी वरून बाईंचा आवाज यायचा, भांड्यांचा यायचा, रेडिओ यायचा. आता दिवसातून दोनदा टक टक, बास. मी भाकरी, पालेभाजी, कधी धपाटे ताटलीत घालून वर पाठवायची. आपल्याकडं कोणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. बाई असताना ताटलीतून लिंबू यायचं, कढीपत्ता यायचा, नाहीतर चिमूटभर साखर. सरांना एवढं ठाऊक होतं की रिकामं द्यायचं नसतं. काय द्यायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. एकदा ताटली धुऊन आली आणि तिच्यात दोन सेल. दुसऱ्यांदा एक स्क्रू-पाना. मी पाना परत द्यायला गेले तर म्हणाले, "राहू द्या अक्का, तुमच्या मिक्सरचा पाय ढिला झालाय. आवाजावरून कळतं."

म्हणजे वर बसून माणूस माझ्या मिक्सरचा आवाज ऐकायचा. दुसरा आवाजच नव्हता घरात.

मग एका दुपारी जाधव बाई आल्या. अर्धापूरच्या पुढं सुमनबाईंची जी शेवटची शाळा, तिथल्या ह्या मुख्याध्यापिका. सरांचे डबे त्या शाळेत अजून चालू होते. जाधव बाई वर जाऊन आल्या आणि उतरताना माझ्या ओसरीवर टेकल्या. सर त्यांच्या मागं पायरीवर उभे.

"सर, तुमच्यासमोरच सांगते, अक्काही ऐकू द्या," त्या म्हणाल्या. "लेकरं आता कोंबडी चालवून थकली. त्यांना गोष्ट सांगायची असती. कोंबडी काय बोलली, मांजर काय बोललं. तुमच्या कोंबडीला बोलताच येत न्हाई. आन् पडदा एकच. कोंबडी कडंला गेली की गोष्ट सरली. त्यांना पुढचं पान पायजे."

सर जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत होते.

"वरून, खात्याकडून, दुसरं तयार आलंय. त्याच्यात अक्षर हाय, पानं हायत, सगळं हाय. दिवाळीनंतर सगळ्या मशीन पुसून ते बसवायचं म्हणतेत. मला सुमनबाईंचंच ठेवायचंय, सर. पण मी काय म्हणून ठेवू?"

"थांबा, बघतो."

"बघा. पण दिवाळीपस्तोर बघा."

त्या गेल्या. सर पायरीवर बसले. सर असे खाली येऊन बसत नसत. मी शेंगा निवडत होते, त्यातल्या चार त्यांच्यापुढं केल्या. त्यांनी हातात धरल्या, फोडल्या नाहीत. मग म्हणाले, "अक्का, पुसलं तर बाईचं काहीच राहत न्हाई. आन् अक्षर घातलं तर बाईचा शब्द राहत न्हाई."

मी म्हणलं, "सर, शेंगा खा."

त्यांनी एक फोडली. म्हणाले, "ती म्हणली होती ती पहिलीच्या लेकरांसाठी. ती लेकरं आता चौथीत गेली." आणि उठून वर गेले. टक टक.

दुसऱ्या दिवसापासून वर काम सुरू झालं. मला कळायचं कसं, तर ताटली दोन-दोन दिवस खाली यायची नाही. मग एकदा मलाच वर बोलावलं. पडद्यावर कोंबडी उभी, आणि तिच्या चोचीजवळ एक पांढरा फुगा, त्यात बोलणं यायचं असतं तो. फुगा कोरा.

"अक्षर कुठंय?" मी म्हणलं.

"बसवलंय. कुणी काहीबी लिवलं तर दिसतं. मोठं करता येतं, बारीक करता येतं. सगळं झालं."

"मग फुगा रिकामा कामून?"

सरांनी दस्ती या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "काय लिवू ते सुचून न्हाई राहिलं. चार दिवस झाले. कोंबडी काय बोलंल?"

मला हसू यायला लागलं. एवढा शिकलेला माणूस, कोंबडीला बोलायची सोय केली, आणि कोंबडी तोंड उघडून चार दिवस उभी. पण त्यांचा चेहरा बघून हसू गिळलं.

"बोलायचं खातं तिच्याकडं होतं, अक्का," ते म्हणाले.

मी म्हणलं, "त्यात काय मोठं? लिवा, आज भाजी काय केली?"

त्यांनी टकटक करून लिहिलं. कोंबडीच्या फुग्यात आलं, 'आज भाजी काय केली?' मी काचेवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, माझी ती सवय आहे. सर माझ्या बोटाकडं बघत होते. एक वेलांटी सुटून पुढच्या अक्षरावर जाऊन बसली होती, ती त्यांनी तिथंच नीट केली. आणि मग कोंबडीनं पुन्हा विचारलं, आज भाजी काय केली? सर पडद्याला म्हणाले, "आंबाडी." अगदी सहज, कोणी शेजारी बसून विचारावं तसं.

पुढं पानं आली. पडद्याच्या कोपऱ्यात कागदाचं दुमडलेलं टोक, ते दाबलं की दुसरं पान. तिथं नवं चित्र काढा, नवे डबे जोडा. हवी तेवढी पानं. ते दाखवायला शाळेत जायचं ठरलं आणि सर मला म्हणाले, "चला." मी कशाला, म्हणलं. "तुम्ही बोलाल," ते म्हणाले. मी लुगडं बदलून निघाले. रस्त्यानं दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, सरांच्या मांडीवर पिशवी, आणि आख्ख्या वाटेत एक शब्द नाही.

चौथीचा वर्ग. एका पोरीला पुढं बोलावलं, तिनं भराभर गोष्ट रचली. पहिल्या पानावर मांजर आलं, कोंबडी म्हणाली 'वाचवा', मांजरानं झेप घेतली, कोंबडी खल्लास. पोरगी भलती तयार होती. तिनं पान उलटलं. दुसऱ्या पानावर मांजर नदीवर पाणी प्यायला गेलेलं. आणि नदीकाठी कोंबडी उभी.

वर्ग हसला. पोरगी गोंधळली. तिनं तिसरं पान काढलं. तिथंही कोंबडी.

"सर, मेलेली कोंबडी सगळीकडं येऊन राहिली," मागून एकजण ओरडला, आणि मग तर लेकरं बाकावर डोकी ठेवून हसायला लागली.

जाधव बाई हळूच म्हणाल्या, "सर, थोडं चुकलंय वाटतं. पान उलटलं की मागचं जायला पायजे."

"कामून जायला पायजे?" सर म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण लेकरांनी बाकावरची डोकी उचलली. जाधव बाई माझ्याकडं बघायला लागल्या. मला बोलायला आणलं होतं आणि मला काही बोलता येईना.

"थांबा, बघतो," सर म्हणाले, आणि पिशवी भरली.

परतताना केळीच्या बागा तशाच. घरी आल्यावर ते पायरीवर थांबले. "चूक नव्हती, अक्का. मीच तसं केलतं. पहिल्यांदा पान उलटून बघितलं, तर समोर सगळं पांढरं. कोण न्हाई. मला बसवंना तिथं. म्हणून म्हणलं, येऊ द्या सगळ्यांना पुढं."

मी कपाळावरचा घाम पुसत होते. तोंडात आलं ते विचारलं, "आन् सर, पान मागं उलटलं तर? तिथं असती का कोंबडी?"

"असती की. तिथलं कुठं जातं?"

"जशीच्या तशी?"

सर लगेच बोलले नाहीत. ह्या माणसाचा वेळ लावण्यातही फरक असायचा. हे 'थांबा, बघतो'चं थांबणं नव्हतं. मग म्हणाले, "जशीच्या तशी. न्हवतं आलं ध्यानात." आणि वर गेले. त्या दिवशी टक टक जरा उशिरानं आली. बहुतेक दारासमोर उभे राहिले असावेत.

दिवाळीच्या आधी ते एकटेच शाळेत जाऊन आले. मला जाधव बाईंनी फोनवर सांगितलं. आता पान उलटलं की मागचं मागं राहतं. कोणाला पुढं न्यायचं असेल तर एक वेगळा डबा आहे, त्यावर दोन पावलं काढलेली. तो जोडला तर सोबत येतं, नाहीतर येत नाही. न्यायचं का ठेवायचं ते लेकरानं ठरवायचं. पहिलीच्या लेकरांसाठी अक्षराचे डबे झाकून ठेवले आहेत, त्यांना दिसतच नाहीत. बाईंचा शब्द बाईंच्या वर्गापुरता शाबूत. मशीन पुसल्या, नवं बसवलं, पण त्याच्या शेजारी सरांचे डबेही ठेवले. लेकरं तेच उघडतात म्हणे.

"आन् एक नवीनच केलंय सरांनी," जाधव बाई म्हणाल्या. "कोपरा दाबला की पान लगेच उलटत न्हाई. आधी वाजतं. टक टक. मग जरा थांबतं, मग उलटतं. एका पोरीनं विचारलं, सर, हे कामून वाजतं? तर म्हणले, आत कुणी असंल तर."

मी बरं म्हणून फोन ठेवला. जाधव बाईंना कळलं नव्हतं. मी सांगितलंही नाही.

त्यानंतर सरांना वर काही कामच उरलं नाही. प्रज्ञा बोलवत होतीच. "पप्पा, एकटे कशाला राहता? चक्कर आली तर कोण बघंल?" ते थांबा, बघतो करत होते, आता बघायचं काही राहिलं नव्हतं. एका सकाळी टेम्पोत दोन ट्रंका, कॉम्प्युटर, बाईंची खुर्ची चढली. सर माझी ताटली घेऊन खाली आले, आदल्या दिवशीच्या धपाट्यांची. स्वच्छ धुतलेली. तिच्यात माडीची किल्ली.

"रिकामी कशी देऊ?" म्हणाले.

पुढं मी भाचीच्या लेकराच्या बारशाला लातूरला गेले, तेव्हा पत्ता विचारत त्यांच्याकडं गेले. भर दुपार. इमारतीखाली टँकर उभा, बायका पाईपवरून भांडत होत्या, आणि त्यांच्या कडेनं सर येताना दिसले, हातात कोथिंबिरीची जुडी. वाळले होते. दस्ती तीच. मला बघून थांबले, आणि चेहऱ्यावर ते मधलंच काहीतरी आलं.

"अक्का," म्हणाले. "चला वर. पोरगी-जावई हापिसातून सांजच्याला येतेत. तोवर कुणी न्हाई."

"करता काय दिवसभर?"

"बसतो."

"आन् कॉम्प्युटर?"

"झाकून ठेवलाय. धूळ लई हाय इथं."

"कोथिंबीर पाहून घेतली का?" मी म्हणलं. "पिवळी पानं हायत की."

त्यांनी जुडीकडं बघितलं. उगीच एकदा मान वर केली, इमारतीच्या गॅलऱ्यांकडं. मग खाली बघितलं.

तिसरा मजला. मी जिना चढून दमले, भिंतीला टेकून उभी राहिले. सरांनी चपला काढल्या. किल्ली काढली. कुलूप उघडलं. मी आपली थांबले, सवयीनं, त्या दोन बोटांची वाट बघत. त्यांनी कडी काढली आणि सरळ दार लोटलं.

मला राहवलं नाही. "सर, वाजवलं न्हाई?"

त्यांनी कोथिंबिरीची जुडी या हातातून त्या हातात घेतली. खाली टँकरवरचं भांडण ऐकू येत होतं.

"इथं कोण हाय, अक्का," ते म्हणाले, आणि मला आधी आत जाता यावं म्हणून दाराला पाठ लावून बाजूला उभे राहिले.